फाइलीची 'परवानगी' की 'मुभा'? आणि फोल्डर 'चालवायचं' कसं?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्यातल्या एका सोसायटीत पाच जण एकाच लिनक्स सर्व्हरवर (सगळ्यांच्या फाइली ठेवणाऱ्या सामायिक संगणकावर) काम करतात. त्यांच्यासाठी मराठीत दोन पानांचं टिपण लिहायला घेतलंय आणि पहिल्याच शब्दाला अडलोय.

थोडक्यात प्रकार असा. प्रत्येक फाइलीला एक मालक असतो, एक गट असतो, आणि उरलेले ते बाकीचे. या तिघांना वाचणं, लिहिणं, चालवणं यांतलं काय करता येईल ते आकड्यात सांगायचं. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. म्हणजे ६४० लावलं की मालक वाचू-लिहू शकतो, गट नुसता वाचू शकतो, बाकीच्यांना काहीच नाही. या सगळ्याला मी 'परवानगी' लिहिलं.

परवा काउंटरवरच्या मुलीला खतावणीची फाइल उघडेना. ती घरी मराठी, शाळा कन्नड. माझं टिपण काढून बघितलं, त्यात 'परवानगी नाही'. तिनं सरळ सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला, "आमचं लायसन संपलंय, नवीन करून द्या." कन्नडात परवानगी म्हणजे लायसनच की, गाडीचं लायसन ते 'चालना परवानगी'. तिची काही चूक नव्हती. तिचं नाव गटात घालायचं माझ्याकडून राहिलं होतं. पण दुपारपर्यंत लोक पासबुकं घेऊन बाकावर बसून होते, ते मला लागलं.

दुसरी अडचण 'एक्झिक्यूट'ची. प्रोग्रॅमची फाइल 'चालवणं' ठीक आहे. पण तोच १ फोल्डरला दिला की अर्थ होतो त्यातून आत जाता येणं. सोसायटीचे एक ज्येष्ठ संचालक मला विचारतात, "फोल्डर कसं चालवायचं ओ?" काय सांगू?

टिळकवाडीकर:
'अनुमती' लिहा. परवानगी फारसी आहे हे एक कारण. दुसरं तुमच्या कामाचं: अनुमती कन्नडातही त्याच अर्थानं चालतो, त्या मुलीला तो क्षणात कळला असता. सीमाभागात संस्कृत शब्द दोन्हीकडचा पूल होतात हे मी चाळीस वर्षं अनुभवतोय. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो उगीच नाही. आपल्या शहराचा 'महापौर' हा शब्द सावरकरांचा, आणि आज तो कुणालाही जड वाटत नाही. शब्द वापरला की रुळतो.

निपाणीची सून:
टिळकवाडीकर काका, अनुमती लग्नपत्रिकेत शोभते. कामाच्या ठिकाणी कोण म्हणतं? माझ्या सासऱ्यांच्या तंबाखूच्या वखारीत शब्द होता 'मुभा'. हमालाला आत यायची मुभा, वजनाच्या वहीला हात लावायची नाही. दिवाणजीला वही लिहायची मुभा, पण जुनं पान फाडायची नाही. खानापूरकर भाऊ, तुमचं ६४० मला तरी यातच दिसलं. आणि मुभा म्हटल्यावर लायसन कुणाच्या मनात येणार नाही.

टिळकवाडीकर:
ताई, मुभा अरबी 'मुबाह'वरून आला. एक परका काढून दुसरा आणायचा?

निपाणीची सून:
मग मालकही काढा काका, तोही अरबीच. आणि कुलूपही. वखारीला दार तेवढं ठेवा.

येळ्ळूरकर:
मी पुण्यात सर्व्हरचंच काम करतो, घर येळ्ळूरला. परवानगीचं तुम्ही बघा, मी फोल्डरच्या त्या १ बद्दल सांगतो. त्याला आपल्याकडं शब्द आहे: वहिवाट.

आमचं भाताचं शेत चुलत्यांच्या शेताच्या पलीकडं. त्यांच्या बांधावरून आमची वहिवाट आहे. म्हणून त्यांचं भात कापता येत नाही, त्यांच्या शेतात काय पेरायचं ते ठरवता येत नाही, पण आमच्या शेतापर्यंत जाता येतं. फोल्डरचं अगदी तसंच. नुसता ४ असेल तर आतल्या फाइलींची नावं दिसतील, उघडणार एकही नाही. रस्त्यावर उभं राहून पीक बघितल्यासारखं. नुसता १ असेल तर यादी दिसणार नाही, पण ज्याला फाइलीचं नाव ठाऊक आहे तो थेट तिथं पोचेल, अर्थात त्या फाइलीवर त्याला वाचता येत असेल तर. अंधारात बांध ओळखीचा असलेला माणूस चालतो ना, तसा. आणि वाटेतल्या एका जरी फोल्डरवर १ नसला तर शेवटची फाइल सगळ्यांना खुली असूनही उपयोग नाही. मधल्या शेतकऱ्यानं काटे टाकले की संपलं.

संचालकांना हे सांगून बघा. जमीन असलेल्या माणसाला दोन मिनिटांत कळेल.

वकील, चिकोडी:
येळ्ळूरकर, उदाहरण सुरेख आहे, पण शब्दाला माझा विरोध आहे. वहिवाट वापरानं मुरते, हा तिचा प्राण आहे. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षं अखंड, उघड आणि हक्कानं वापर झाला की वाटेचा हक्क पक्का होतो. अशा दाव्यांत मी बांध मोजायला उन्हात उभा राहिलोय. तुमच्या लिनक्समध्ये कुणी वीस वर्षं रोज त्या फोल्डरमधून गेला तरी त्याचा हक्क तयार होतो का? मालकानं किंवा रूटनं, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्यानं, एका आज्ञेत १ काढला की वाट बंद. कुठं दाद मागणार? ही वहिवाट नव्हे, मालकाच्या मर्जीची सवलत आहे. 'प्रवेश' लिहा.

येळ्ळूरकर:
साहेब, प्रवेश म्हटलं की माणूस आत बसायला आला असं वाटतं. इथं आत थांबायचं नसतं, पुढं जायचं असतं. आमची आजी 'त्यांच्या परड्यातनं आमची वहिवाट आहे' म्हणायची, तेव्हा वीस वर्षांचा कायदा तिच्या डोक्यात नव्हता. जा-ये आहे, एवढंच.

वकील, चिकोडी:
आजींचं खरं, पण टिपण कार्यालयात लागणार आहे. तिथं शब्दावरून उद्या कुणी हक्क सांगायला लागला तर? आमच्याकडं उताऱ्यात मालक एका रकान्यात आणि कसणारा दुसऱ्या रकान्यात, एवढ्या एका फरकावर भाऊ भावाशी बोलायचे बंद झालेले मी बघितलेत.

टिळकवाडीकर:
वहिवाट हा मात्र अस्सल आपला शब्द. मला तो 'वाहती वाट' असा फुटतो असं वाटतं, जी वाट पायांनी वाहती राहिली ती.

वकील, चिकोडी:
मी तो 'वही'शी जोडत आलोय, जे वहीवर चढलं ते. आमचे गुरू तसंच सांगायचे.

खानापूरकर:
वहिवाट मला पटतोय, वकीलसाहेबांची शंकाही पटतेय. पण लिहिण्याचा २ राहिला. खतावणी मी सगळ्यांना नुसती वाचायला ठेवली होती, तरी मागच्या वर्षी ती एकानं चुकून पुसली. कारण फाइल पुसणं हे फाइलीवरच्या २ वर नसतं, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या २ वर असतं. आणि वर तो १ हवाच. हे 'लिहिणं' या शब्दात कुणालाच दिसत नाही.

निपाणीची सून:
तेच मी म्हटलं, पान फाडणं! वहीत लिहायची मुभा नसली तरी कपाट ज्याच्या ताब्यात आहे तो अख्खी वहीच काढून टाकू शकतो. सासरे म्हणून कपाटाची किल्ली कमरेला ठेवायचे.

येळ्ळूरकर:
वैनी, बरोबर पकडलंत. खानापूरकर, त्यावर उपाय आहे. टीएमपी या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरला १७७७ असतं, त्यातला सगळ्यात पहिला, जादाचा १ म्हणजे स्टिकी बिट. तो लावला की त्या फोल्डरमध्ये सगळे लिहितील, पण पुसायची ती आपापलीच फाइल. दुसऱ्याची पुसणार फक्त फोल्डरचा मालक नाहीतर रूट. याला मराठीत 'चिकट' म्हणू नका एवढीच विनंती.

टिळकवाडीकर:
ताई, तुम्ही 'किल्ली' लिहिलंत, बरं वाटलं. हल्ली पोरं चावी म्हणतात, तो पोर्तुगीज 'शावे'. किल्ली मात्र संस्कृत 'कील'वरून.

निपाणीची सून:
काका, आमच्या शेजारच्या कन्नड आजी कुलपालाच 'कीली' म्हणतात, आणि किल्लीला 'कीलीकै', कुलपाचा हात. मला वाटतं शब्द त्यांच्याकडून आपल्याकडं आला.

वकील, चिकोडी:
दोन्हीकडं संस्कृतातूनच गेला असेल की.

निपाणीची सून:
मग आपल्याकडं कुलपाची किल्ली कशी झाली? अर्थ कुठं पालटला ते सांगा.

खानापूरकर:
मंडळी, टिपण सोमवारी छापायला द्यायचंय. 'बाकीचे' चालेल का 'इतर'? आणि स्टिकी बिटला काय लिहू?

टिळकवाडीकर:
सांगतो. आधी ताईंच्या 'कीली'चं बघतो, घरी जुना शब्दकोश आहे.