गुरुत्वीय लहरींचे ‘पडसाद’ की ‘प्रतिध्वनी’?

प्रश्न : कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाल्यावर गुरुत्वीय लहरींचे (अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांचे) ‘एको’ येतात का, हे तपासतात. त्यावरच्या मराठी लेखात ‘पडसाद’ लिहावे की ‘प्रतिध्वनी’? लहर ध्वनीची नसल्याने ‘ध्वनी’ खटकतो. ‘निनाद’ चालेल?

उत्तर : ‘पडसाद’ नको. अर्थसंकल्पाचे पडसाद बाजारात उमटतात; तिथे परिणाम म्हणायचा असतो, तीच लहर परत येणे नव्हे. ‘निनाद’ तर नकोच. परावर्तित आवाज मूळ आवाजापासून सुटा ऐकू आला तर प्रतिध्वनी, त्याला निदान 0.1 सेकंदाचे अंतर लागते; त्याआधीच येऊन मिसळला तर निनाद. इथे सगळी मदार या अंतरावरच आहे.

लायगो या अमेरिकेतल्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्रणेचा 14 सप्टेंबर 2015 चा पहिला संकेत घ्या. सुमारे 0.2 सेकंदात वारंवारता 35 वरून 250 हर्ट्झपर्यंत चढली आणि विलीनीकरणानंतरचे विवर घंटेसारखे वाजून काही मिलिसेकंदांत शांत झाले. घटनाक्षितिजाच्या, म्हणजे जिथून काहीच परत येत नाही त्या सीमेच्या, जागी परावर्तन करणारे काही असेल, तर आत गेलेली लहर तिथून उलटते. बाहेर, प्रकाश जिथे कक्षेत फिरू शकतो त्या भागात, गुरुत्वाचा अडथळा असतो. त्यातून थोडी लहर निसटते, बाकीची पुन्हा आत. दर फेरीला एक क्षीण प्रतिध्वनी. परावर्तन क्षितिजापासून प्लांक लांबीइतक्या (भौतिकशास्त्रातल्या अतिसूक्ष्म लांबीइतक्या) अंतरावर धरले, तर या सुमारे 62 सूर्यांच्या वस्तुमानाच्या विवरासाठी फेरी साधारण 0.29 सेकंदाची निघते. प्रतिध्वनी हा शब्द इथे चपखल बसतो. ध्वनी नसला तरी.

पुरवणी : ते घंटेसारखे वाजणे म्हणजे ‘रिंगडाऊन’. त्यालाही ‘निनाद’ म्हणू नये, त्यात परावर्तन नसते. ‘विरता नाद’ म्हणावे.

समान अंतराच्या प्रतिध्वनींमुळे वारंवारतेच्या आलेखात उभ्या दात्यांची रांग दिसायला हवी. तिला ‘फणी’ म्हणा, वाचकाला चित्रच दिसते. फेरी 0.29 सेकंदाची असेल तर दाते सुमारे दर 3.4 हर्ट्झवर पडतात. धोकाही इथेच: अमेरिकेतल्या वीजपुरवठ्याची 60 हर्ट्झची रेष आणि तिचे गुणित आलेखात असतातच, ते आधी काढले नाहीत तर खोटे दाते मोजले जातात.

आणखी एक : सर्वांत मोठी गफलत ‘शोध’ या शब्दात आहे. ‘प्रतिध्वनींचा शोध’ हे शीर्षक वाचून निम्मे वाचक ते सापडले असेच समजतील. शोध *घेणे* आणि शोध *लागणे* यांत इथे जमीन-अस्मानाचा फरक आहे. 2016 मध्ये आबेदी, डायकार आणि अफशोर्दी या भौतिकशास्त्रज्ञांनी क्षीण खुणा दिसल्याचा दावा केला. इतरांनी यंत्रातल्या गोंगाटाची पार्श्वभूमी नव्याने मोजली तेव्हा त्या गोंगाटाशीच जुळल्या. लायगो आणि व्हर्गो (युरोपातली तशीच यंत्रणा) यांच्या पुढच्या तपासण्यांतही पुरावा मिळाला नाही. म्हणून ‘प्रतिध्वनींचा मागोवा’ लिहावे.

लेखनाचे एक: सुटा शब्द ‘प्रतिध्वनी’, पण समासात पूर्वपद ऱ्हस्व, ‘प्रतिध्वनिमालिका’.