जुनी स्टिल ०७० घ्यावी का? इंदूरमध्ये दुरुस्तीबद्दल सल्ला हवा

दोरी_ओढ
नमस्कार मंडळी. लोहा मंडीत भंगारवाल्याकडे एक स्टिल ०७० (जर्मन कंपनीची पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, म्हणजे चेनसॉ) दिसली. दोरी ओढली की इंजिन फिरतं, पण ठिणगी नाही. टाकीत पेट्रोल वाळून त्याचा डिंक झालाय. विकणारा म्हणतो, "प्लग बदला, लगेच सुरू होईल." लाकूड तोडायचं नाही, संग्रहात हवी, पण चालू अवस्थेत. अस्सल आहे की चिनी, हे कसं ओळखू? आणि आधी काय उघडू?

करवतकाका
आधी वंशावळ. स्टिलची काँट्रा १९५९ची. गिअर नसलेली, डायफ्राम कार्ब्युरेटरची (लवचिक पडद्याने पेट्रोल ओढणारा, म्हणून मशीन आडवी धरली तरी चालते). ०७० तिचीच पुढची पिढी, १०६ सीसी. तिची मोठी बहीण ०९०, १३७ सीसी. ०७०च्या चिनी नकला आपल्याकडे ढिगाने विकल्या जातात, म्हणून स्टिकरवर जाऊ नका. ओतीव भागांच्या कडा बघा, नकलेत त्या खरखरीत, जादा धातू राहिलेल्या असतात. कार्ब्युरेटरवर टिलॉटसन (कार्ब्युरेटर बनवणारी कंपनी) कोरलंय का तेही पाहा. फ्लायव्हीलखाली पॉईंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे जुन्या पद्धतीचे संपर्क) निघाले तर मशीन जुनं. इलेक्ट्रॉनिक कॉइल निघाली तर एवढ्यावरून निकाल देऊ नका, नंतरच्या अस्सल मशीनमध्येही ती असते. "वेस्ट जर्मनी" असा ठसा असेल तर १९९० किंवा त्याआधीचा माल.

दोन_स्ट्रोक
पैसे देण्याआधी दुकानातच सायलेन्सरचे बोल्ट काढा आणि मोबाइलच्या उजेडात भोकातून पिस्टन पाहा. उभे ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर तेल कमी पडून किंवा हवा जास्त शिरून इंजिन चिकटलेलं आहे. चारही बाजूंना असतील तर बहुतेक इंजिन जास्त तापलं आहे. "दोरी ओढली की फिरतं" यावरून काहीच कळत नाही. ओरखडे पडलेलं इंजिनही फिरतं.

घरी आणल्यावरही लगेच सुरू करू नका. ते का बंद पडलं, हे शोधल्याशिवाय नवा पिस्टन घातला तर तोही दहा मिनिटांत जाईल. नव्वद टक्के लोक इथेच चुकतात (टक्केवारी माझी, मनातली).

दोरी_ओढ
हवा शिरते का, हे घरी कसं तपासणार? दाबाचा पंप नाही.

दोन_स्ट्रोक
रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि दाब दाखवणारं घड्याळ चालतं. जुन्या प्लगमधली चिनीमाती फोडून काढा, त्यात सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह झाळा. कार्ब्युरेटर काढून ते तोंड आणि सायलेन्सरचं तोंड ट्रकच्या ट्यूबचे तुकडे दाबून बंद करा. पिस्टन खाली आणा, घड्याळावर २५० मिमीपर्यंत (पाऱ्याच्या) हवा भरा. हे साधारण ०.३३ बार. कंपनीच्या चाचणीत ०.५ बार लागतो, पण मोठी गळती यातही पकडली जाते. काटा पडायला लागला की क्रँकच्या दोन्ही टोकांना, सिलिंडरच्या बुडाशी आणि डीकॉम्प्रेशन वॉल्व्ह (दोरी ओढणं हलकं करणारा) असेल तर तिथेही साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तिथेच दुखणं.

पण क्रँकच्या टोकांवरच्या रबरी ऑइल सीलचा ओठ आतल्या दाबाने घट्ट होतो आणि ओढीने सैल. म्हणून हवा ओढूनही तपासायचं. गॅरेजमध्ये ब्रेकची हवा काढायला हातपंप असतो, तो तासाभरासाठी मागून घ्या.

सियागंज_रोज
ठिणगीसाठी: फ्लायव्हील पुलरनेच (ओढून काढायच्या अवजाराने) काढा, हातोड्याने नाही, किल्लीची खाच फाटते. पॉईंटवर ४०० नंबरचा एमरी कागद हलका फिरवा, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला साधा कागद मधून ओढा. एमरीचा एक कण राहिला तरी ठिणगी जाते. पूर्ण उघडल्यावर फट ०.३५ ते ०.४ मिमी, फीलर गेजने. तरीही ठिणगी अशक्त, पिवळी असेल तर कंडेन्सर बदला.

सीलबरोबर बेअरिंगही बदलायची असेल तर नंबर बेअरिंगवर कोरलेला असतो. सियागंज बाजारात तोच नंबर, सी-३ ढिलाईचा (आतली ढिलाई नेहमीपेक्षा थोडी जास्त) मागा, बंद झाकणांचा नको. तेल पेट्रोलमधूनच पोहोचतं, त्याला वाट हवी. क्रँककेस ११० अंशांपर्यंत तापवा, बेअरिंग फ्रीझरमध्ये ठेवा, हाताने बसेल. ठोकून बसवू नका.

करवतकाका
सिलिंडरला अॅल्युमिनियम चिकटलं असेल तर कुणी मुरियाटिक (हायड्रोक्लोरिक) अॅसिड सांगेल. क्रोमच्या सिलिंडरला ते चालत नाही, क्रोमच खाऊन टाकतं. इथे कॉस्टिक सोडा. क्रोमवर परिणाम होत नाही, अॅल्युमिनियम मात्र फसफसून निघतं. पोर्टच्या कडेला उघडं अॅल्युमिनियम असतं, तिथे थेंब जाऊ देऊ नका. कापसाच्या बोळ्याने फक्त डागावर लावा, दोन मिनिटांनी पुसा, पुन्हा लावा. हातमोजे, चष्मा, अंगण. बंद खोलीत नाही, त्यातून हायड्रोजन निघतो.

क्रँककेस मॅग्नेशियमची. तिला व्हिनेगर, लिंबू, गंज काढायचं अॅसिड काहीही लावू नका. केरोसीन आणि दातांचा ब्रश, बस.

दोरी_ओढ
कार्ब्युरेटर आणि मिश्रण?

सियागंज_रोज
कार्ब्युरेटरवर एचएल की एचएस (टिलॉटसनची मॉडेलं) ते वाचून मगच किट मागवा, दोन्हीची डायफ्राम वेगळी. जुनी डायफ्राम बोटात दाबल्यावर कागदासारखी कडकड करत असेल तर फेका. दोन्ही स्क्रू हलके बंद करून एक-एक फेरा उघडा, पुढचं समायोजन इंजिन गरम झाल्यावर.

मिश्रण: जुन्या पुस्तिकांमध्ये साध्या तेलासाठी १:२५. चांगलं एफडी दर्जाचं (टू-स्ट्रोक तेलाचा वरचा दर्जा) टू-टी तेल असेल तर १:४०, म्हणजे लिटरला २५ मिली. बोटीच्या इंजिनाचं तेल नको, ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं. आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबर फुगतात, म्हणून नव्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

दोन_स्ट्रोक
एक गोष्ट राहिली. या मशीनला साखळीचा ब्रेक नसतो. उसळली तर थेट अंगावर येते. संग्रहासाठी सुरू करताना बार आणि साखळी काढून ठेवा, पण त्या अवस्थेत वेग चढवू नका, क्लच मोकळा फिरतो. शोभेसाठी साखळी लावायचीच असेल तर .४०४ इंची साखळीची कानस ५.५ मिमीची.

दोरी_ओढ
सायलेन्सर काढून पाहिला. ओरखडे फक्त त्याच बाजूला, आणि रिंग खाचेत अडकलेली. टिलॉटसन कोरलंय, पॉईंटच आहेत.

करवतकाका
मग भंगाराच्या भावात मागा, वर एक रुपया नको. मिळाली तर आधी सील.