मदत हवी आहे: एकाच फॅनचं बेअरिंग वर्षात तीनदा गेलं, आणि चवथीच्या चक्राला ६०८ नंबरचं बेअरिंग चालेल का?

खारेवारे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, मी गोव्यात मांद्रेला राहतो, घरापासून समुद्र चालत दहा मिनिटं, त्यामुळे आमच्याकडे लोखंडाचं काही म्हणजे काही टिकत नाही, बिजागऱ्या, सायकलची चेन, कुलपं, सगळं दोन पावसाळ्यांत लाल. आता प्रश्न दोन आहेत, एकत्रच विचारतो.

पहिला हॉलमधल्या सिलिंग फॅनचा. बाबांनी घर बांधलं तेव्हा घेतलेला, वाइंडिंग अजून मूळचंच, आणि वारा असा की नवे फॅन त्याच्यापुढे काही नाहीत, म्हणून टाकवत नाही. वर ६२०२ नंबरचं बेअरिंग, खाली ६२०१. गेल्या चवथीपासून दोन्ही बेअरिंगं तीन वेळा बदलली. पहिल्या दोन वेळा मेकॅनिकने, तिसऱ्यांदा म्हापशाहून बेअरिंग आणून मी स्वतः. बदललं की महिना दोन महिने शांत, मग हळूहळू घर्र घर्र सुरू, आणि रात्री रेग्युलेटर दोनवर ठेवला की जास्तच ऐकू येतं. आई म्हणते खोबरेल घाल दोन थेंब, तेही करून झालं, आठ दिवस बरं वाटलं. दुसऱ्या वेळी मेकॅनिकने सी-३ लिहिलेलं घातलं, म्हणाला हे हेवी ड्युटी आहे. काल परत उतरवला तर बाहेरच्या रिंगवर सगळीकडे लालसर तपकिरी भुकटी, बोटाला मसाल्यासारखी लागते. म्हणजे खाऱ्या हवेने गंजतंय हे नक्की ना? मग स्टेनलेसचं घ्यावं का? टू-आरएस घ्यावं का? दुकानात विचारलं तर म्हणतात नंबर सांगा, बाकी सगळं सेम.

दुसरा प्रश्न. चवथीला गणपतीच्या मागे तीन फुटी प्लायचं चक्र फिरवायचंय, वायपर मोटर आहे, पट्टा लावून मिनिटाला तीन चार फेरे एवढंच. मधे ६०८ बेअरिंग आणि आठ एमएमचा बोल्ट लावलाय. नट ढिला ठेवला तर चक्र डुलतं, घट्ट केला तर जाम. पुतण्या म्हणतो स्केटचं एबेक ७ घे. मोठं बेअरिंग लागेल का? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, दिवस कमी उरलेत.

कुळागरात

आमचा विहिरीवरचा पंप दर पावसाळ्यात बेअरिंग खायचा, ६२०३ झेडझेड होतं, टू-आरएस घातल्यापासून दोन वर्षं बघावं लागलं नाही. झेडझेड म्हणजे पत्र्याची झाकणी, ती धूळ अडवते, दमट हवा नाही अडवत, पत्रा आणि आतल्या रिंगमधे फट असतेच. टू-आरएसला रबराचा ओठ रिंगला टेकलेला असतो. तुमच्याकडे खारं वारं, म्हणजे टू-आरएसच घाला, डोकं लावू नका.

रिवाइंडिंगवाला

खारेवारे, थांबा, लगेच काही विकत घेऊ नका. जुनी बेअरिंगं टाकून दिलीत का? नसतील तर आधी तीन गोष्टी बघून सांगा. एक, ती भुकटी फक्त बाहेरच्या रिंगच्या बाहेरच्या अंगाला आहे की आत गोळ्यांपर्यंत पण आहे. दोन, मोकळं बेअरिंग कव्हरच्या घरात (ते बसतं त्या खळग्यात) नुसत्या अंगठ्याने जातं का. तीन, बसवताना हातोडा कुठे मारला.

खारेवारे

तिन्ही बघितलं. भुकटी फक्त बाहेरून, झाकणी उचकटून बघितलं तर आत ग्रीस बऱ्यापैकी स्वच्छ, गोळ्या चकचकीत. अंगठ्याने जातं, खरं सांगायचं तर वरचं कव्हर उलटं केलं की बेअरिंग आपोआप बाहेर पडतं. हातोडा म्हणजे शाफ्टवर ठेवलं आणि बाहेरच्या रिंगवर लाकूड धरून चारी बाजूंनी ठोकलं, मेकॅनिकने पण तसंच केलेलं. ते बेअरिंग आता हातात धरून फिरवलं तर बारीक बारीक अडखळतं, दाणे लागल्यासारखं.

रिवाइंडिंगवाला

मग हा हवेचा गंज नाही. सविस्तर लिहितो, कारण सिलिंग फॅनमधे हे इतक्या वेळा बघितलंय की प्रत्येक वेळी वाईट वाटतं, चांगला फॅन असतो आणि लोक कंटाळून भंगारात देतात.

बाकीच्या मोटरीत शाफ्ट फिरतो आणि बॉडी स्थिर असते. सिलिंग फॅनमधे उलटं. शाफ्ट छताला टांगलेला, स्थिर, आणि कव्हर पात्यांसकट फिरतं. म्हणजे बेअरिंगची बाहेरची रिंग फिरते आणि आतली उभी. जी रिंग फिरते तिची बसणी घट्ट पाहिजे, हा साधा नियम आहे. पंपाला आतली रिंग शाफ्टवर घट्ट, फॅनला बाहेरची रिंग कव्हरमधे घट्ट. तुमच्या कव्हरचं घर झिजलंय, त्यामुळे रिंग त्यात किंचित किंचित सरकत राहते, आणि दोन धातू असे बारीक घासत राहिले की जी पावडर पडते ती लाल तपकिरी असते. गंजासारखी दिसते, म्हणून सगळे हवेला दोष देतात. हवेने गंजलं असतं तर शाफ्टच्या उघड्या भागावर आणि झाकणीवर पण दिसलं असतं, आणि आतलं ग्रीस पण लाल झालं असतं. या घरात स्टेनलेस घाला नाहीतर सोन्याचं घाला, चार महिन्यांत परत तेच होणार.

दुसरी गोष्ट ठोकण्याची. शाफ्टवर चढवताना बाहेरच्या रिंगवर ठोकलं की सगळा मार गोळ्यांमधून आतल्या रिंगला जातो, आणि प्रत्येक गोळीचा एक खळगा उठतो. ते तुम्हाला जे दाणे लागतायत ते हेच. नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी मेलं. शाफ्टवर चढवताना आतल्या रिंगवर दाब, कव्हरमधे बसवताना बाहेरच्या रिंगवर. पान्याच्या सेटमधलं बरोबर मापाचं सॉकेट किंवा पाइपचा तुकडा घ्या, त्याला काही पैसे पडत नाहीत.

सी-३ हेवी ड्युटी नव्हे. ती आतली मोकळीक. गोळ्या आणि रिंगमधे नेहमीपेक्षा जास्त जागा, तापणाऱ्या मोटरीसाठी. फॅन मिनिटाला साडेतीनशे चारशे फेरे, एवढा तापत नाही, त्याला साधं घ्या, नाहीतर पहिल्या दिवसापासून खुळखुळ.

कव्हरसाठी: नवं मिळालं तर उत्तम, जुन्या मॉडेलचं बहुतेक मिळणार नाही. घरात पंच मारून ठिपके उठवतात ते तात्पुरतं, बेअरिंग वाकडं बसतं. बेअरिंग बसवायचं रिटेनिंग कंपाउंड मिळतं, हिरवट द्रव, बारीक फट असेल तर तेच लावा. घर आणि रिंग थिनरने तेलाचा अंशही न ठेवता पुसा (तुम्ही खोबरेल घातलंय, ते चिकट होऊन बसलं असेल, खरवडून काढा), पातळ थर, झाकणीकडे जाऊ देऊ नका, आणि रात्रभर हलवू नका. पुन्हा टांगताना रॉडच्या बोल्टमधली स्प्लिट पिन विसरू नका, ही सगळ्यात महत्त्वाची.

@कुळागरात, तुमच्या पंपाला टू-आरएस बरोबरच होतं, तिथे पाणी येतं. फॅनला रबराचा ओठ थोडा जड पडतो, स्लो स्पीडला फरक कळतो. मधला मार्ग आहे, न टेकणारं रबर सील. एनएसकेमधे व्हीव्ही, एनटीएनमधे एलएलबी, एसकेएफमधे टू-आरझेड म्हणून मागा. नाही मिळालं तर झेडझेड चालेल.

कुळागरात

हे नवीन कळलं, आमच्या दोन बेडरूमच्या फॅनांना पण हेच असणार. मी चुकीचा सल्ला दिला होता, बरं झालं थांबवलंत.

गळटाक्या

स्टेनलेसचा विषय निघाला म्हणून सांगतो, मी शापोराला गळ टाकतो, रीलमधली बेअरिंगं स्टेनलेसच असतात आणि तरी खातात. बेअरिंगचं स्टेनलेस टणक हवं म्हणून त्यात कार्बन जास्त, ते घरातल्या भांड्यासारखं नसतं. गोड्या पाण्याने धुवायचं, वाळवायचं, एक थेंब तेल, एवढंच टिकवतं. आणि छोट्या बेअरिंगला नंबर पुसलेला असला तर व्हर्नियरने आतलं, बाहेरचं, जाडी अशी तीन मापं घ्या, दुकानदाराला तेच दाखवा. माझं ५, ११, ४ निघालं, म्हणजे एमआर ११५. पट्टीने मोजून आणलेलं मी दोनदा परत केलंय. इंचातली पण असतात, अर्ध्या इंचाचं आर ८ बाहेरून साडेअठ्ठावीस एमएम, आणि ६००१ अठ्ठावीस, डोळ्याला सारखंच दिसतं.

चक्राचं मी सांगतो, आम्ही वाड्यावर दिवाळीला नरकासुराच्या पुतळ्याचे हात फिरवतो. ६०८ म्हणजे आत ८, बाहेर २२, जाडी ७. न फिरता १४० किलोच्या आसपास भार सोसतं ते, तुमचं प्लाय दहा किलो पण नसेल. मोठं घेऊन काही होणार नाही. एका ७ एमएमच्या बेअरिंगवर तीन फुटी चक्र म्हणजे एका बोटावर पाखडायचं सूप धरल्यासारखं, डुलणारच. दोन घ्या आणि मधे निदान चार बोटं अंतर ठेवा. एबेक ७ ला जादा पैसे नका देऊ, तो मापाच्या अचूकपणाचा ग्रेड आहे, मिनिटाला चार फेऱ्यांना त्याचं काय.

आणि जाम होतं ते वायसरमुळे. एम ८ चा नेहमीचा वायसर सोळा एमएमचा, आतली रिंग बारा एमएमला संपते. नट आवळला की वायसर पत्र्याच्या झाकणीला घासतो. आतल्या रिंगलाच टेकेल असा छोटा स्पेसर घाला दोन्हीकडून, आणि दोन बेअरिंगांच्या मधे पण एक नळी, म्हणजे नट कितीही आवळा, चक्र मोकळं. आठचा बोल्ट पण काढा. आट्यांवर मोजलात तर सात पॉइंट आठ नऊच भरतो, गुळगुळीत आठची रॉड आणा.

खारेवारे

सगळ्यांना देव बरें करूं. आजच बघितलं, वायसर काढून बारीक नळीचे तुकडे घातले आणि चक्र एका बोटाने ढकललं तर फिरतच राहिलं, पुतण्या मोजत बसला होता, एकवीस फेरे. डुलणं अजून आहे, दुसरं ६०८ आणि रॉड उद्या.

फॅनला वरच्या कव्हरला कंपाउंड लावून ठेवलंय, खालचं घर बोटाला घट्टच लागतंय, तिथे फक्त नवं बेअरिंग घालतो. एकच शंका, वरच्या घरात बेअरिंग ठेवल्यावर एका बाजूला नखाची कड जाईल इतकी फट दिसते, दुसऱ्या बाजूला नाही. चालेल का?

रिवाइंडिंगवाला

नाही चालणार, घर गोल राहिलेलं नाही. कंपाउंड सुकायच्या आत काढून पुसा. नखाएवढी फट नुसत्या कंपाउंडने भरत नाही, बेअरिंग एका अंगाला बसून पाती डुलतील. कव्हर घेऊन लेथवाल्याकडे जा, घर मोठं बोअर करून आत पातळ बुश (धातूची नळी) दाबून ६२०२ च्या मापाला, बाहेरचा व्यास ३५, करून द्यायला सांगा. बेअरिंग सोबत न्या, नुसतं माप सांगू नका.