‘आंतरप्रजनन’ की ‘अंतःप्रजनन’? आणि ‘जेनेटिक रेस्क्यू’ला काय म्हणावं?

फ्लोरिडा पँथरवर, म्हणजे अमेरिकेतल्या फ्लोरिडात राहणाऱ्या प्यूमांवर लिहिते आहे, दोन शब्दांपाशी अडले आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हे प्राणी जेमतेम 20 ते 30 उरले होते. आपसातच वीण होत राहिल्याने शेपट्या मुरडलेल्या, हृदयात दोष, नरांचे वृषण खाली न उतरलेले. 1995 मध्ये टेक्सासमधून 8 प्यूमा माद्या आणून सोडल्या आणि पुढच्या पिढ्यांत ही व्यंगं कमी झाली, संख्याही वाढली. कारण म्हणून मी ‘आंतरप्रजनन’ लिहिलंय आणि उपायाला ‘जनुकीय बचाव’. दुसरा शब्द मलाच खटकतोय.

— पहिला शब्द आधी बदला. ‘आंतरजातीय’, ‘आंतरराष्ट्रीय’ यांतला ‘आंतर’ म्हणजे दोन वेगळ्यांच्या मधला. ‘आंतरप्रजनन’ वाचून एखाद्याला वाटेल, वेगवेगळ्या गटांतल्या प्राण्यांची वीण. म्हणजे टेक्सासच्या माद्यांनी जे केलं तेच! रोगाला औषधाचं नाव मिळेल. ‘अंतः’ म्हणजे आत, ‘अंतःपुर’ आठवा. म्हणून ‘अंतःप्रजनन’. विसर्ग छापताना गळतो तेवढा जपा. हा शब्द छापील मजकुरातही चुकलेला दिसतो आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण सगळा मुद्दा त्या एका उपसर्गावर उभा असतो.

— ‘बचाव’ मलाही पटत नाही. बचाव आरोपीचा असतो, नाहीतर खेळातला. ‘सुटका’ म्हटलं तर पिंजरा दिसतो. ‘जनुकीय पुनरुज्जीवन’ चालेल?

— पुनरुज्जीवन नको, ते मेलेल्याचं. नामशेष प्राणी परत आणण्याच्या प्रयोगांसाठी तो शब्द राखून ठेवू या. इथे कळप जिवंत आहे, फक्त खंगलेला आहे.

— मग काळ्या पायांच्या फेरेटचं, त्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या छोट्या अमेरिकी प्राण्याचं, काय म्हणायचं? आजचे जवळजवळ सगळे 7 प्राण्यांचे वंशज. 1988 मध्ये गोठवून ठेवलेल्या एका मादीच्या पेशींपासून 2020 मध्ये क्लोन जन्मला. त्या मादीचा वंश पुढे चाललाच नव्हता. 2024 मध्ये त्याच पेशींच्या दुसऱ्या क्लोनला पिल्लंही झाली. मादी मेलेली, पण तिची जनुकं जिवंत कळपात परतली.

— छान उदाहरण. तरी उद्देश तोच: आटलेल्या विविधतेत नवी भर. जनुकं बाहेरच्या रानातून आली की शीतपेटीतून, हा तपशील. मी ‘जनुकीय उभारी’ म्हणेन. खचलेल्याला उभारी देतात, मेलेल्याला नाही.

— जाता जाता: ‘अनुवांशिक’ लिहू नका. अनुवंश + इक = आनुवंशिक; समाज–सामाजिक तसं, वृद्धी पहिल्या स्वराची. पिढीतून पिढीत उतरतं ते आनुवंशिक, जनुकांसंबंधीचं ते जनुकीय. मुरडलेली शेपटी हा आनुवंशिक दोष, पण पँथरांमध्ये घटली ती जनुकीय विविधता.

— सर्वांचे आभार. ‘उभारी’ घेते. वाक्य आता असं झालंय: ‘अंतःप्रजननाने खंगलेल्या पँथरांना टेक्सासच्या 8 माद्यांनी जनुकीय उभारी दिली.’ ‘खंगलेल्या’ तुमच्याकडूनच उचललाय.