१५ ऑगस्टला कायदे कुठून आले आणि पहिल्या माणसाला शपथ कोणी दिली?

खिडकीतली_सीट

नमस्कार मंडळी. ऑफिसात जेवताना वाद झाला त्यातून हा धागा काढतोय. आयपीसी (भारतीय दंड संहिता) १८६० ची होती आणि १ जुलै २०२४ ला तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली हे आता सगळ्यांना माहितीये. माझा प्रश्न त्याच्या मागचा आहे. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री एक सरकार गेलं, दुसरं आलं. जुने कायदे ज्याच्या जोरावर चालत होते तोच गाशा गुंडाळून निघाला, मग १५ तारखेला सकाळी कोणी खिसा कापला तर पोलिसांनी त्याला कुठल्या कायद्याखाली धरायचं? आधीच नवीन पुस्तकं छापून ठेवली होती का?

दुसरं म्हणजे शपथ. मंत्र्यांना राज्यपाल शपथ देतात, राज्यपालांना हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश, त्या न्यायाधीशांना परत राज्यपाल. वर दिल्लीत राष्ट्रपतींना सरन्यायाधीश आणि सरन्यायाधीशांना राष्ट्रपती. हे नुसतं गोल गोल फिरतंय, मग सगळंच नवीन असताना सुरुवात कोणापासून केली? आमच्यातला एक जण ठामपणे म्हणाला की नेहरूंनी मध्यरात्री घेतली तीच पहिली शपथ. मला पटलं नाही पण उत्तरही देता आलं नाही. जाणकारांनी लिहा, आणि प्लीज विकिपीडियाची लिंक टाकून पळू नका, वाचलंय, डोक्यावरून गेलं.

जुना_कारकून

खिसेकापू आयपीसी ३७९ खालीच आत गेला असता. १४ ला जसा, तसाच १५ ला.

नवीन पुस्तकं वगैरे काही छापली नव्हती. ज्या ब्रिटिश कायद्याने स्वातंत्र्य दिलं, भारतीय स्वातंत्र्य अधिनियम १९४७, त्यातच कलम १८ मध्ये लिहून ठेवलेलं की आदल्या दिवशी जे कायदे चालू आहेत ते आवश्यक त्या फेरफारांसह चालूच राहतील, नवी विधिमंडळं बदलेपर्यंत. देश कसा चालवायचा याचा साचा म्हणून १९३५ चा गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्टच घेतला, त्यातले गव्हर्नर जनरलचे मर्जीचे अधिकार वगैरे काटून. मग फेरफारांचे आदेश निघाले, म्हणजे अमुक कायद्यात अमुक शब्द असेल तिथे तमुक वाचावा. ऐकायला कंटाळवाणं वाटेल पण नवं सरकार खऱ्या अर्थाने बसतं ते असल्या कागदांवर. भाषणं लोकांच्या लक्षात राहतात आणि हे आदेश कोणी वाचत नाही.

१९५० ला परत तेच. संविधानाचं कलम ३७२ उघडा, आधीचे सगळे कायदे चालू राहतील असं एका वाक्यात आहे. कलम ३९५ ने स्वातंत्र्य अधिनियम आणि १९३५ चा कायदा, म्हणजे ज्या फांदीवर बसून हे सगळं लिहिलं तीच, रद्द करून टाकली. राष्ट्रपतींना जुन्या कायद्यांत दुरुस्त्या करायला दोन वर्षं दिली होती, ती पुरेनात म्हणून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत तीन केली. म्हणजे काम किती होतं बघा.

उगाच_एक

थोडक्यात घर तेच, दारावरची पाटी बदलली. मग कसलं नवीन सरकार, गुलामीचेच कायदे पुढे पाऊणशे वर्षं ओढत बसलो. सगळं एका झटक्यात रद्द करायला काय हरकत होती?

जुना_कारकून

@उगाच_एक, झटक्यात रद्द करा म्हणजे १५ ऑगस्टला करार कायदा नाही, पुरावा कायदा नाही, जमिनीची नोंदणी नाही, रेल्वेचं तिकीटसुद्धा कुठल्या नियमाने द्यायचं ते नाही, आणि त्याच वेळी फाळणीत लाखो माणसं रस्त्यावर. तुम्ही असता तर काय केलं असतं? पाकिस्ताननेही हेच केलं, त्यांच्याकडे १९५६ पर्यंत तोच १९३५ चा कायदा दुरुस्त करून चालला आणि त्यांची दंडसंहिता १८६० चीच आहे, नाव फक्त पाकिस्तान पीनल कोड. बांगलादेशातही १८६० चीच.

आणि नुसती पाटी बदलली हेही खरं नाही. १९५० नंतर कलम १३ आहे, मूलभूत हक्कांच्या आड येणारा जुना कायदा तेवढ्यापुरता बाद. ३७२ ने जुनं सगळं आत घेतलं आणि १३ ने दारात चाळणी लावली. ही चाळणी १९४७ ते ५० मध्ये नव्हती, खरा फरक तिथे पडला.

पक्षकार

जुन्या कारकुनांनी कायद्याचं सांगितलंच, मी शपथेचं सांगतो. (वकिली करतो त्यामुळे लांबण लागणार, चहा घेऊन बसा.)

तुमच्या मित्राला सांगा की मध्यरात्रीची ती प्रतिज्ञा होती, पदाची शपथ नव्हे. नेहरूंनी ठराव मांडला आणि संविधान सभेतल्या हजर सगळ्या सदस्यांनी देशसेवेला वाहून घ्यायची प्रतिज्ञा केली. त्याने कोणी मंत्री होत नाही. त्यानंतर राजेंद्र प्रसाद आणि नेहरू माउंटबॅटनकडे गेले, तुम्ही गव्हर्नर जनरल व्हा असं सभेच्या वतीने सांगायला. १५ ला सकाळी दरबार हॉलमध्ये माउंटबॅटनना शपथ दिली न्या. हरिलाल कानिया यांनी, आणि मग माउंटबॅटननी नेहरूंच्या मंत्रिमंडळाला. त्यात कायदामंत्री म्हणून डॉ. आंबेडकर, आपले पुण्याचे काकासाहेब गाडगीळही त्याच मंत्रिमंडळात.

कानिया आधी मुंबई हायकोर्टात न्यायाधीश होते, मग फेडरल कोर्टात (सुप्रीम कोर्टाच्या आधीचं दिल्लीतलं केंद्रीय कोर्ट) गेले आणि सर पॅट्रिक स्पेन्स निवृत्त झाल्यावर त्या कोर्टाचे प्रमुख झाले. म्हणजे तुमच्या गोलाची पहिली कडी जुन्या राजवटीतूनच आलेली. फेडरल कोर्ट १९३५ च्या कायद्याचं, गव्हर्नर जनरलची नेमणूक राजाची. मुंबईत तर १५ ऑगस्टला गव्हर्नर सर जॉन कोलव्हिल, इंग्रजच, आणि त्यांच्या हाताखाली बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ. कुणाला ते विचित्र वाटलं असेल तर नवल नाही पण काम थांबलं नाही.

कराचीत जिनांना लाहोर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश अब्दुल रशीद यांनी शपथ दिली, त्यात निष्ठा होती कायद्याने स्थापित पाकिस्तानच्या राज्यघटनेशी, आणि राजाशी फक्त इमान राखायचं वचन. निष्ठा कोणाशी, माणसाशी की घटनेशी, हा मुद्दा तेव्हा शब्दाशब्दाला तोलला जात होता. डोमिनियन (स्वतंत्र, पण ब्रिटिश राजालाच प्रमुख मानणारा देश) असेपर्यंत राजा काही सुटत नव्हता.

खरी कारागिरी १९५० ची आहे. प्रश्न बघा, संविधान सुरू होणार २६ जानेवारीला, राष्ट्रपती पाहिजे त्याच दिवशी, मग राष्ट्रपती निवडायचा कधी आणि कुठल्या कलमाखाली, कारण कलमं तर अजून लागूच नाहीत? उत्तर कलम ३९४ मध्ये. बहुतेक संविधान २६ जानेवारी १९५० पासून, पण निवडक कलमं २६ नोव्हेंबर १९४९ लाच, लगेच. त्या निवडक कलमांत नागरिकत्व, निवडणूक आयोग आणि गंमत म्हणजे कलम ६०, राष्ट्रपतींची शपथ. शपथेचा मजकूर आधी जिवंत केला आणि ती घेणारा माणूस दोन महिन्यांनी आला! सोबत कलम ३८० पण लगेच लागू होतं, त्याखाली २४ जानेवारीला संविधान सभेने राजेंद्र प्रसादांना बिनविरोध निवडलं. आणि ३७४ असं की संविधान सुरू होताच फेडरल कोर्टाचे न्यायाधीश आपोआप सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. म्हणून २६ ला सकाळी मावळते गव्हर्नर जनरल राजाजींनी १० वाजून १८ मिनिटांनी प्रजासत्ताकाची घोषणा वाचली तेव्हा शपथ द्यायला सरन्यायाधीश कानिया तयार उभे होते, १० वाजून २४ मिनिटांनी शपथ. गोल फिरण्याचा प्रश्न त्यांनी असा आधीच कापून ठेवला.

तुमच्याकडच्या नव्या पुस्तकात ३८० सापडणार नाही. ३७९ ते ३९१ ही सगळी तात्पुरती कलमं १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने काढून टाकली, काम झालं होतं.

सातबारा

पक्षकार साहेब, दंडवत. ३९४ कडे असं कधी बघितलंच नव्हतं.

कायद्याच्या बाजूने मराठवाड्याचं सांगतो कारण १५ ऑगस्टचं हे सगळं आमच्याकडे लागूच नव्हतं. आम्ही निजामाकडे, तिथे कायदे वेगळे, भाषा उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ नंतर जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर म्हणून बसले आणि जुने कायदे तसेच पुढे चालले, आयपीसी वगैरे मोठे केंद्रीय कायदे हैदराबादसारख्या राज्यांना लागू झाले १९५१ च्या कायद्याने. आणि जमिनीच्या बाबतीत आजही बघा, कूळ कायदा पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा मुंबईचा, आमच्याकडे १९५० चा हैदराबादचा, विदर्भात १९५८ चा वेगळा. एकाच महाराष्ट्रात तीन कूळ कायदे. जमीन महसूल संहिता १९६६ ला एक झाली पण कुळाचं काही एक झालं नाही. मदतमाश आणि खिदमतमाश (निजामाच्या काळात उदरनिर्वाहासाठी किंवा सेवेच्या मोबदल्यात दिलेल्या इनाम) जमिनींची प्रकरणं अजून तहसीलमध्ये निघतात तेव्हा नवीन लागलेल्या पोरांना काही कळत नाही हे काय आहे. नवीन सरकारने जुनं चालू ठेवलं ते त्या वेळी बरोबरच, पण एकत्र करायचं कोणी मनावर घेतलं नाही ही माझी तक्रार आहे. "तोपर्यंत चालू राहील" मधलं तोपर्यंत काही संपत नाही.

म्हादई

सातबारा दादांना +१, आणि तोपर्यंत न संपण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आमचा गोवा 😄

१९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज गेले. मेजर जनरल कँडेथ लष्करी गव्हर्नर. जुने न्यायाधीश, अधिकारी आपापल्या जागी काम करत राहिले. मार्च १९६२ च्या प्रशासन कायद्यात कलम ५ आहे, २० डिसेंबर १९६१ च्या लगेच आधी जे कायदे होते ते सक्षम विधिमंडळ बदलेपर्यंत चालू. मग एकेक करून आयपीसी वगैरे आणले पण लग्न आणि वारसा यांना हात लावला नाही. १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड, खुद्द पोर्तुगालने १९६६ मध्ये नवीन केला आणि आम्ही जुन्यावर. गोव्यात लग्नाला रजिस्ट्रारकडे पहिली सही आणि मग काही दिवसांनी दुसरी सही असते ना, ते तिथलंच, आणि वेगळा करार केला नसेल तर नवरा बायको दोघांची मालमत्ता निम्मी निम्मी. वारशाचा आणि नोटरीचा भाग आता गोवा विधानसभेने २०१२ च्या कायद्यात आपल्या भाषेत मांडलाय. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की हा परदेशी कायदा नाही, संसदेने आपला म्हणून घेतलेला भारतीय कायदा आहे.

पण एक फरक लक्षात घ्या, इथे कोणी लिहिला नाही म्हणून सांगते. कायदा चालू राहणं वेगळं आणि जुन्या सरकारने दिलेला शब्द चालू राहणं वेगळं. पोर्तुगीज सरकारने शेवटच्या दोन तीन महिन्यांत एका व्यापाऱ्याला आयातीची लायसन्स दिली होती, तो म्हणाला कायदे चालू आहेत तर माझं लायसन्सही चालू. सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि हरला. नवं सरकार मान्य करेल तेवढेच हक्क, कलम ५ ने कायदा टिकतो, तुमचा हक्क नाही.

शपथेचं म्हणाल तर २० डिसेंबर १९६३ ला भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले तेव्हा गोवा केंद्रशासित, त्यामुळे संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतला नमुना नाही, १९६३ च्या केंद्रशासित प्रदेश कायद्याला जोडलेला. राज्य झालं ३० मे १९८७ ला.

उगाच_एक

बरं, कायद्याचं मान्य, अर्धं. आता ईश्वरसाक्ष कुठून आलं ते सांगा. टीव्हीवर निम्मे मंत्री ईश्वरसाक्ष म्हणतात, काही जण गांभीर्यपूर्वक म्हणतात, आणि मधेच कुणी आईवडिलांचं नाव, कुणी साहेबांचं नाव घेतो.

पक्षकार

मसुद्यात देवाचं नाव नव्हतं. डिसेंबर १९४८ मध्ये राष्ट्रपतींच्या शपथेवर चर्चा झाली तेव्हा ह. वि. कामत यांनी देवाचं नाव घालायची दुरुस्ती आणली, आणि ज्यांना नको त्यांना दृढकथनाचा (देवाचं नाव न घेता गांभीर्यपूर्वक म्हणण्याचा) पर्याय, आणि ती मंजूर झाली. पुढे ऑक्टोबर १९४९ मध्ये कामतांनीच उद्देशिकेची सुरुवात देवाच्या नावाने करायची दुरुस्ती मांडली, ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. माझ्या मते दोन्ही निर्णय बरोबर होते. शपथ एकट्या माणसाची असते, त्याने हवा त्याला साक्षीला बोलवावं. उद्देशिका सगळ्यांच्या तोंडी जाते.

सार्वभौमता व एकात्मता उन्नत राखीन हे वाक्य मूळ शपथेत नाही बरं का, १९६३ च्या सोळाव्या दुरुस्तीत आलं. त्या दुरुस्तीने तिसरी अनुसूची बदलली, पण राष्ट्रपती आणि राज्यपालांची शपथ अनुसूचीत नसून कलम ६० आणि १५९ मध्ये आहे, त्यामुळे त्यांच्या शपथेत ते वाक्य आजही नाही.

खिडकीतली_सीट

सगळ्यांचे आभार, धागा वाचनखूण साठवला. उद्या जेवताना ३९४ काढतो, मित्राची जिरणार. एकच उरलं, उपमुख्यमंत्र्यांची शपथ वेगळी असते का? कारण संविधानात ते पदच नाही म्हणतात.

पक्षकार

पद नाही, बरोबर. शपथ मंत्र्याचीच. १९८९ मध्ये देवीलाल यांनी शपथ घेताना मंत्री या शब्दाऐवजी उपपंतप्रधान म्हटलं, त्यावरून केस झाली आणि सुप्रीम कोर्ट म्हणालं की ते नुसतं वर्णन आहे, अधिकाराने ते इतरांसारखेच मंत्री, शपथ ग्राह्य. मुंबईत शपथविधी बघताना कान देऊन ऐका, पुढचं वाक्य सगळ्यांचं एकच असतं.

सातबारा

अवांतर: सरकारी नोकरीत लागताना आम्हीही संविधानाशी निष्ठेची शपथ घेतो आणि सही करून तो कागद सेवापुस्तकाला लावतात. गोपनीयतेची वेगळी शपथ मात्र फक्त मंत्र्यांना, आमदार खासदारांना नाही. कुणाला मदतमाशवर काही विचारायचं असेल तर वेगळा धागा काढा, इथे गर्दी होईल.