खेळ कशाला म्हणायचं? आपापले अनुभव लिहा

येवल्याची_भाची
पुतणीच्या शाळेच्या फॉर्मवर 'आवडता खेळ' असा रकाना होता, तिने पतंग लिहिलं तर खोडून बॅडमिंटन लिहायला लावलं. वाचून आजोळ आठवलं. येवल्यात भोगी, संक्रांत, कर तिन्ही दिवस अख्खं गाव गच्चीवर. मामाच्या हातात आसारी (मांजा गुंडाळायची चक्री), ढील देताना नुसती भिरभिरायची, आणि समोरच्याचा मांजा घासला की आधी बोटाला कळायचं, डोळ्याला नंतर. संध्याकाळी खांदे उचलायचे नाहीत. हा खेळ नाही तर काय? तुम्ही काय खेळता आणि का, लिहा.

पंचवटीकर
रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदात, धप्पा (उडी) मारणं धरायचं का यात? आम्ही तर वर्षभर त्याचीच वाट बघतो 😄

सिडको_आई
मुलगा बुद्धिबळ खेळतो. नातेवाईक म्हणतात "बसून कसला खेळ". त्यांनी एकदा चार तासांचा डाव बघावा, शेवटी शेवटी पोराचे कान लालबुंद होतात, घरी आला की बोलत नाही, आधी जेवतो. आयओसीने (आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने) 1999 लाच मान्यता दिलीय बुद्धिबळाला. आणि 2024 ला बुडापेस्टला ऑलिम्पियाडचं सोनं जिंकलं त्या संघात आपल्या नाशिकचा विदित गुजराथी होता, तेव्हा हेच नातेवाईक स्टेटस ठेवत होते.

निवृत्त_काका
पत्त्यांतला ब्रिज विसरू नका. 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये सोनं मिळालं तेव्हा प्रणव बर्धन 60 वर्षांचे होते. आमचा रोजचा अड्डा आहे, मिसेस गेल्यापासून तेवढ्यासाठीच घराबाहेर पडतो.

सिडको_आई
काका 🙏 पडत राहा बाहेर.

खोखो_नऊनंबर
कुकर लावलाय, पटकन लिहिते. मी खोखोवाली. पाटीवर बसलेलं असताना मागून पाठीवर थाप बसते, "खो" ऐकू यायच्या आत पाय सुटलेले असतात, ते लग्नानंतर कशातच मिळालं नाही. जानेवारी 2025 ला दिल्लीत वर्ल्ड कप झाला, आपल्या मुलीही जिंकल्या मुलंही, टीव्हीसमोर ढसाढसा रडले. सासूबाई म्हणाल्या तू खेळायचीस हे कधी बोलली नाहीस. कोणी विचारलंच नव्हतं ना.

चांदवडचा
रस्सीखेच 1900 ते 1920 ऑलिम्पिकमध्ये होती, आज नाही. म्हणजे 1920 नंतर तो खेळ राहिला नाही का? यादी करणारे बदलतात, जत्रेत दोर ओढणाऱ्यांच्या तळहाताची सालटी तेव्हाही निघायची, आजही निघतात. आणि आमच्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर येतो, तिथल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रोइंगला (वल्ह्याच्या नावांची शर्यत) रिओ ऑलिम्पिकपर्यंत गेला, तेरावा आला. त्याआधी आमच्याकडे रोइंग हा शब्द कोणाला माहीत होता?

पळणारी
कविता राऊतचं 2010 चं दिल्ली कॉमनवेल्थचं ब्रॉंझ बघून पळायला लागले. सावरपाड्याची मुलगी दहा हजार मीटर पळते तर मी निदान कान्हेरे मैदानाला फेऱ्या मारू शकते. मेडलबिडल काही नाही, त्या वेळात मला कोणी हाक मारत नाही बस.

पंचवटीकर
@पळणारी गोल्फ क्लबला (कान्हेरे मैदानच हो) सकाळी येता का? आमचा ग्रुप असतो, नंतर मिसळ.

पळणारी
येते की. मिसळ कुठली पण? यावरून भांडण होतं आमच्यात.

येवल्याची_भाची
@खोखो_नऊनंबर ताई, पुतणीला खोखोला घालायचंय, सिडकोच्या बाजूला कुठे शिकवतात का?

खोखो_नऊनंबर
मेसेज करते. तिला म्हणावं गुडघे फुटतील, चालेल ना? मी पण येते मैदानावर.