अनुभव धागा: हा फोटो खरा आहे का हो?

नौपाडेकर

खाडीवरच्या दगडी पुलावरून धूर सोडत चाललेली आगगाडी आणि खाली 'भारतातली पहिली रेल्वे, 16 एप्रिल 1853'. ठाण्यात राहणाऱ्यांच्या फोनवर हा फोटो एप्रिल आला की येतोच. आता जरा विचार करा. त्या दिवशी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी 14 डबे बोरीबंदरहून ओढत आणले ते ठाण्यापर्यंत. गाडी इथेच संपली. खाडी लागते ती ठाणे स्टेशन सोडल्यावर, कळव्याकडे जाताना, आणि कल्याणपर्यंतचा मार्ग सुरू झाला 1 मे 1854ला. मग पहिली गाडी त्या पुलावर पोचली कशी? फोटो जुना असेल, मथळा मात्र कुणीतरी ठोकून दिलाय.

तर असे चक्रावून टाकणारे फोटो तुमच्याही कपाटात, मोबाइलमध्ये असतीलच. येऊ द्या. फॉरवर्ड नकोत, घरचे हवेत. आणि मागची गोष्ट सांगितल्याशिवाय सुटका नाही.

कोंबडभुजेची लेक

आमच्याकडचा फोटो मावशीच्या हळदीचा, नव्वदीतला. दारात मांडव, मावशी पाटावर, हळद पार कानापर्यंत. शेजारी धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई, तोंड उघडून धवला म्हणतेय, नेमकं तेव्हाच बटण दाबलंय. आणि या सगळ्यांच्या मागे भलामोठा हिरवा डोंगर.

माझ्या मुलाने फोटो बघून विचारलं, "मम्मी, मागे पडदा लावलाय का?" त्याचं तरी काय चुकलं! त्याने तिथे डोंगर पाहिलेलाच नाही. उलव्याचा डोंगर तो. नवी मुंबईच्या विमानतळासाठी सुरुंग लावून लावून उतरवला, चांगला नव्वदेक मीटर उंचीचा. उलवे नदीचा प्रवाहसुद्धा वळवला. गावं उठली, आम्ही पुनर्वसनात पुष्पकनगरकडे आलो.

खरी गंमत पुढे आहे. आपलं घर नेमकं कुठे होतं, यावरून आमच्यात कायम वाद. मामा म्हणतो कुंपणाजवळ, आई म्हणते पार आत, धावपट्टीच्या बाजूला. पूर्वी कुणी पत्ता विचारला की डोंगर दाखवायचा, त्याच्या अंगाने पुढे सांगत जायचं. डोंगर हीच खूण होती, आता बोट कशाला दाखवणार? म्हणून हा फोटो बाहेर निघतो. डोंगराच्या उतारावर एक पांढरा ओरखडा दिसतो, तिथे तेव्हा दगड काढायचे. तो ओरखडा मावशीच्या उजव्या खांद्यावर येतो, म्हणजे फोटोवाला अमुक बाजूला उभा, म्हणजे दार तमुक दिशेला, असं तासभर चालतं. मामा फोनवर जुना उपग्रह नकाशा उघडून बसतो. मावशीला विचारलं तर ती म्हणते, मी मान खाली घालून बसले होते, मला काय विचारता?

अजून निकाल लागलेला नाही.

नौपाडेकर

'पडदा लावलाय का' ला दाद! तो जुना नकाशा कसा उघडतात ते मामांना विचारून सांगाल का? आमच्याकडेही एका विहिरीचा वाद आहे.

कोंबडभुजेची लेक

गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची चित्रं बघायची सोय आहे. मामा म्हणतो संगणकावर बघा, फोनवर डोळे जातात. स्वतः मात्र फोनवरच बघतो.

चरईतला

आमच्या आजोबांच्या पोटात तलावपाळी आहे. खरंच. ते आरामखुर्चीत बसलेत, धोतर-बंडी, आणि बंडीच्या जागी तलावपाळीचा मासुंदा तलाव, त्यात होडी, होडीत दोन माणसं. रोलचा जमाना. फिल्म पुढे न सरकता त्याच चौकटीवर दुसरा फोटो पडला की असं व्हायचं. आमच्या कॅमेऱ्याचे दाते झिजले होते. पहिल्या फोटोत जिथे अंधार, तिथे दुसरा ठळक उमटतो. आजोबांच्या मागची भिंत उजेडात होती म्हणून तिथे तलाव जवळजवळ दिसत नाही, पोटावर सावली होती म्हणून होडी तिथे.

स्टुडिओवाल्याने 'खराब आहे, पैसे नको' म्हणून वेगळा ठेवला होता. आजीने मागून घेतला. म्हणायची, "जन्मभर तळ्यावर फिरायला नेलं नाही, आणि आता पोटात घेऊन बसलेत."

ऐरोली, खाडीकडची बाजू

माझा फोटो रातोरात प्रसिद्ध झाला होता, फक्त चुकीच्या नावाने. गॅलरीतून काढलेला, काळामिट्ट अंधार, कांदळवनाच्या कडेला दोन चमकते डोळे. मी नुसतं 'हे काय असेल?' विचारलं. दहा मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर 'बिबट्या आला, मुलांना खाली सोडू नका'. वॉचमन केबिनमधून बाहेर येईना. लोकांना हसायचंही कारण नाही म्हणा, येऊरच्या जंगलाच्या बाजूला खरेच बिबटे आहेत.

सकाळी तोच फोटो मोबाइलवर उजळ करून पाहिला. काटक्यांसारखे पाय, झुपकेदार शेपूट, टोकाला काळं. कोल्हा! सोनेरी कोल्हे आपल्या खाडीच्या कांदळवनात राहतात, खेकडे-मासे खातात. डोळे चमकतात ते प्रकाश परत फेकणाऱ्या थरामुळे, मांजराचेही चमकतात. हे सगळं ग्रुपवर लिहिलं. त्यावर एकच उत्तर आलं: 'मग बिबट्या कुठे गेला?'

खारघरचा गच्चीवाला

गच्चीवर ठेवलेला स्टीलचा पेला, रणरणतं ऊन आणि सावली गायब. मी टाकला तर भाचा म्हणाला, मामा, एडिट करायला कधी शिकलात? एडिट नाही, शून्य सावलीचा दिवस. आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. जुलैत ढगच असतात, त्यामुळे मे सोडायचा नाही.

बाराच्या ठोक्याला मात्र जाऊ नका, फसाल. भारतभर घड्याळाची वेळ 82.5 रेखांशाची, आपण 73 च्या आसपास, आणि दर अंशाला 4 मिनिटं उशीर. म्हणजे आपली खरी दुपार साडेबारा उलटल्यावर. पेला सरळ उभ्या कडांचा घ्या. वाटी घेऊ नका, खाली निमुळती असल्याने काठाची सावली पडते.

स्लो लोकलवाली

एवढं भारी माझ्याकडे नाही. ठाणे लोकलमध्ये पंख्याचा फोटो काढला तर पाती कोयत्यासारखी वाकडी आलीत. मैत्रीण म्हणते मोबाइल बिघडलाय. कुणी सांगेल का?

खारघरचा गच्चीवाला

मोबाइल ठणठणीत आहे. त्यातला कॅमेरा अख्खं चित्र एकदम टिपत नाही, ओळीओळीने टिपत जातो. पुढची ओळ टिपेपर्यंत पातं थोडं सरकलेलं असतं. म्हणून वाकडं.

चरईतला

पाती जाऊ द्या हो. स्लो लोकलमध्ये पंखा चालू होता, हा फोटो आधी फ्रेम करा.